सर्व्हिसिंगहून आलेलं ओबीएम बिघडलं तर काय करायचं

गेल्या एक-दोन वर्षांत ज्यांनी पहिली फायबरची होडी घेतली, त्यांच्यासाठी हे लिहितोय. होडी मासेमारीची असो, पर्यटकांना फिरवायची असो की घरच्या वापराची. आपल्या किनाऱ्यावर ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, सर्व्हिसिंगला जातं ते पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनाच्या होड्याही वर ओढलेल्या, त्यामुळे मेकॅनिककडे इंजिनांची रांग लागलेली असते. नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांना आपापलं इंजिन एकाच आठवड्यात हवं असतं. मग घाईत जोडलेलं इंजिन होडीवर चढतं आणि चार दिवसांत कुरकुर सुरू होते. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक पडते, रिव्हर्स लागताना खडखड होते, नाहीतर गिअरबॉक्सखाली वाळूत पांढरट तेलाचा डाग दिसतो.

माझ्या पहिल्या इंजिनाला हा पांढरट डाग पडला तेव्हा मी जे केलं, ते तुम्ही करू नका. मी तिथेच किनाऱ्यावर स्क्रू ड्रायव्हर घेतला, गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू काढला आणि सगळं तेल डब्यात सोडलं. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे आत खारं पाणी शिरलं होतं. स्क्रूवरचा वॉशर हातात घेऊन बघितला. चपटा झालेला, एका बाजूने चिरलेला, उघडउघड जुनाच. बिलात मात्र "वॉशर नवीन" असं लिहिलेलं होतं. मी रागाने तेल ओतून टाकलं, नवीन तेल भरलं आणि वॉशर खिशात टाकला. तो कुठे पडला ते आजतागायत कळलं नाही. महिन्याभरात बेअरिंग आणि गिअर गेले. मेकॅनिककडे गेलो तर त्याचं एकच म्हणणं: "मधे तुम्हीच उघडलंत ना? मग माझा काय संबंध?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे ना तेल होतं, ना वॉशर, ना एक फोटो. बेअरिंग आणि गिअरचा ३२ हजारांचा खर्च मी स्वतः केला.

त्यानंतर दोनदा असा प्रसंग आला आणि दोन्ही वेळा वर्कशॉपने स्वतःच्या खर्चाने काम करून दिलं. कोर्टकचेरी लागली नाही, भांडणही झालं नाही. फरक एवढाच की इंजिन बिघडलं त्या स्थितीत, कोणाचाही पाना न लागता, ते मेकॅनिकसमोर उघडलं गेलं.

पाण्यात असाल तर आधी किनारा गाठा

बझर वाजला, धार बंद झाली किंवा इंजिनाचा आवाज बदलला, तर थ्रॉटल खाली आणा, न्यूट्रल करा, इंजिन बंद करा. लगेच नांगर टाका, कारण वारा आणि ओहोटी होडीला खडकाकडे किंवा खाडीच्या मुखाकडे न्यायला फार वेळ लावत नाहीत. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला सांगा. जवळच्या होडीला हाक मारा. कोणीच नसेल तर व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे तीन आकडे होडीत रंगाने लिहून ठेवलेले असावेत.

इंजिन वर उचलून पंख्यात प्लास्टिक किंवा जाळ्याचा दोर अडकलाय का, पाणी ओढण्याच्या जाळीवर पिशवी चिकटलीय का, एवढं बघा. पिशवी निघाली आणि धार पुन्हा जोरात पडली, तर हळूहळू परत या. धार पडत नसेल तर "धक्क्यापर्यंत तरी जाऊ" असं म्हणू नका. इंजिन थंड ठेवणारं पाणी आत जात नसेल तर पाच-दहा मिनिटांत सिलेंडर हेडचं गॅस्केट जळतं, पिस्टन धरतो, म्हणजे आतच अडकून बसतो. ओढून नेणाऱ्या होडीला द्यावे लागणारे पैसे त्यापुढे काहीच नाहीत. त्या पैशांची पावती किंवा यूपीआयची नोंद ठेवा, पुढे लागेल.

बघा, फोटो काढा, पण उघडू नका

किनाऱ्यावर आलात की आधी घड्याळ बघा आणि वहीत लिहा: तारीख, वेळ, किती मिनिटं चाललं, कितीच्या थ्रॉटलवर होतं, काय दिसलं, काय ऐकू आलं, होडीत कोण कोण होतं. दोन दिवसांनी हे नेमकं आठवत नाही.

मग फोटो. आधी लांबून, होडीचा नंबर आणि इंजिन दोन्ही येतील असा. नंतर ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा इंजिनाचा सीरियल नंबर वाचता येईल असा. मग जवळून: गिअरबॉक्सचे दोन्ही स्क्रू, पंख्याचा नट आणि त्यातली स्प्लिट पिन, कव्हर काढून दिसणारे पाइप, प्लगच्या टोप्या, पेट्रोलचा फिल्टर, तेलाची डिपस्टिक. तेल गळत असेल तर खाली पांढरा कपडा टाकून त्यावर पडू द्या आणि त्याचा व्हिडिओ घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोची बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून मूळ फोटो फोनमध्ये तसेच राहू द्या.

कव्हर काढायला हरकत नाही, ते मालकाने काढायचंच असतं. डिपस्टिक ओढून बघायलाही हरकत नाही. पण पाना लागेल असं काही करू नका. शेजारचा जाणकार "थांब, मी दोन मिनिटांत बघतो" म्हणेल आणि त्याची भावना खरंच चांगली असेल, पण त्यालाही हात लावू देऊ नका. दुसऱ्याचा पाना लागला की पहिल्या मेकॅनिकची जबाबदारी सिद्ध करणं फार कठीण होऊन बसतं. इंजिन अजून कंपनीच्या वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाने उघडल्यावर वॉरंटीचाही प्रश्न निर्माण होतो.

पेट्रोलचाही नमुना ठेवा. टाकीतलं अर्धा लिटर स्वच्छ, घट्ट झाकणाच्या पेट्रोल चालणाऱ्या कॅनमध्ये काढून त्यावर तारीख लिहा आणि उन्हापासून, घरापासून दूर ठेवा. हे सगळ्यात जास्त लोक विसरतात, आणि वर्कशॉपचा पहिला बचाव बहुतेक वेळा "पेट्रोल खराब होतं" हाच असतो.

बिघाड आणि झालेलं काम जुळतं का?

इथे प्रामाणिक राहायला हवं. सर्व्हिसिंगनंतर बिघडलं म्हणजे सर्व्हिसिंगमुळेच बिघडलं असं होत नाही. बिल किंवा जॉब कार्ड समोर ठेवा आणि विचारा: ज्या भागात बिघाड आहे, त्या भागाला मेकॅनिकचा हात लागला होता का?

धार पडत नाही किंवा इंजिन तापतंय, आणि बिलात इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक, बदलल्याचं आहे, तर संशय रास्त आहे. इंपेलर बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. परत चढवताना पाणी वर नेणारी नळी पंपाच्या रबरी बुशात नीट बसावी लागते. ती बुशाच्या बाजूला गेली तर पंप फिरतो, पाणी मात्र वर न जाता बाहेरच सांडतं. दुसरी चूक म्हणजे इंपेलरला शाफ्टवर अडकवणारी छोटी खीळ (की) न बसवणं किंवा बसवताना ती निसटणं. मग शाफ्ट फिरतो आणि इंपेलर जागेवर थांबतो. तिसरी, वर्कशॉपमध्ये पाण्याशिवाय इंजिन चालवून बघणं. इंपेलर रबराचा असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर काही सेकंदांतच त्याच्या पात्या झिजायला लागतात.

पण याच लक्षणाचं एक निरुपद्रवी कारणही आहे. पावसाळाभर शेडमध्ये ठेवलेल्या इंजिनाच्या धारेच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते. इंजिन बंद असताना बारीक तार घालून बघा. माती निघाली आणि धार सुरू झाली, तर मेकॅनिकला फोन करायची गरज नाही.

गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालंय आणि ते सर्व्हिसिंगमध्येच बदललं होतं, तर माझ्यासारखा जुना वॉशर हे पहिलं कारण. तेल भरायची पद्धतही महत्त्वाची आहे. ते खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि गिअर अर्धवट तेलात फिरतात. मात्र पंख्यामागे नायलॉनचा दोर गुंडाळून सील कापलं गेलं तरी पाणी शिरतंच, आणि तो दोष मेकॅनिकचा नाही. म्हणून पंखा काढताना त्यामागे दोर सापडतो का, हे दोघांनी मिळून बघायचं.

गिअर पडताना खडखडाट होतो किंवा एका बाजूचा गिअर लागतच नाही, असं असेल तर गिअरबॉक्स चढवताना गिअर बदलणारा दांडा (शिफ्ट रॉड) नीट जुळलेला नसण्याची शक्यता मोठी. अशा इंजिनावर जबरदस्तीने गिअर टाकत राहिलात तर क्लचचे दात गोल होतात आणि साध्या जुळवणीचं काम मोठ्या दुरुस्तीवर जातं. पंखा डगमगत असेल तर त्यापुढची थ्रस्ट वॉशर बसवलीय का, नटाला नवीन स्प्लिट पिन आहे का, हे बघा.

टू-स्ट्रोक इंजिन धरलं, म्हणजे दोरी ओढली तरी फिरतच नाही, तर प्रश्न बऱ्याचदा तेलाचा असतो. पेट्रोलमध्ये हाताने तेल मिसळणारे बहुतेक जण लिटरला २० मिली, म्हणजे ५०:१ प्रमाण ठेवतात. ते तुम्ही मिसळलं असेल तर आधी स्वतःचा हिशेब तपासा. इंजिनात तेलाची वेगळी टाकी आणि पंप असेल, आणि सर्व्हिसिंगमध्ये ती नळी सुटी केली असेल, तर आतली हवा न काढल्यामुळे सिलेंडरला तेल मिळालं नाही, असं घडू शकतं. फोर-स्ट्रोकला वेगळीच भानगड असते. टेम्पोतून आणताना ते चुकीच्या कुशीवर झोपवलं तर क्रँककेसमधलं तेल सिलेंडरमध्ये उतरतं आणि सुरू होताना पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट येतो. टेम्पो कोणाचा होता, हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक. इंजिन सुरूच होत नसेल तर पेट्रोलच्या पाइपमधल्या हाताने दाबायच्या रबरी बल्बवरचा बाण इंजिनाकडे आहे का बघा. उलटा लावलेला बल्ब कितीही दाबला तरी पेट्रोल पुढे जात नाही. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या असतील तर फ्यूज किंवा रेक्टिफायर जळतो. आणि जूनपासून टाकीत पडून असलेलं पेट्रोल असेल तर मेकॅनिकला दोष देऊ नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी तळाला वेगळं साचतं. तुम्ही काढलेल्या नमुन्यात ते नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतं.

मेकॅनिकला कसं सांगायचं

आधी फोन करा आणि नीट बोला. किनाऱ्यावर चांगले ओबीएम मेकॅनिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि पुढच्या वर्षीही त्यांच्याकडेच जायचं असतं. "तू वाट लावलीस" अशी सुरुवात केली तर समोरचा माणूस इंजिन बघायच्या आधीच स्वतःला वाचवायला लागतो. फोन झाला की त्याच दिवशी लेखी निरोप पाठवा. मी पाठवलेला निरोप साधारण असा होता:

"नमस्कार दादा. १२ ऑगस्टला तुमच्याकडून सर्व्हिस करून नेलेलं इंजिन आज पाण्यात २५ मिनिटं चालल्यावर धार बंद झाली, बझर वाजला, मी लगेच बंद केलं. बिलात इंपेलर बदलल्याची नोंद आहे. मी किंवा दुसऱ्या कोणी इंजिन उघडलेलं नाही. तुम्ही स्वतः येऊन किंवा तुमच्याकडे आणल्यावर माझ्यासमोर ते उघडावं, ही विनंती. कधी जमेल ते चार दिवसांत कळवा. फोटो सोबत आहेत."

यात आरोप नाही, भरपाईची मागणीही नाही. काय झालं, मी काय केलं नाही आणि मला काय हवंय, एवढंच आहे. दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.

उत्तर आलं नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यात आठ-दहा दिवसांची मुदत द्या आणि त्यानंतर दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून इंजिन उघडून घेईन, हेही लिहा. होडीचा विमा असेल तर इंजिन उघडण्याआधी विमा कंपनीलाही कळवा, त्यांचा सर्व्हेअर यायचा असेल तर येऊ दे.

उघडताना तिथे हजर राहा

हा दिवस कामाचा आहे, खाडा झाला तरी चालेल. सोबत इंजिनाची जाण असलेला एखादा माणूस न्या, पण भांडखोर माणूस नको. स्क्रू सुटायला लागल्यापासून व्हिडिओ चालू ठेवा. गिअरबॉक्सचं तेल पारदर्शक बाटलीत घ्या. दोन बाटल्या भरा, एक त्यांना, एक तुम्हाला, आणि दोन्हींवर दोघांची सही असलेला कागद चिकटवा. ज्या स्क्रूवर चुंबक असतो त्याच्या टोकावर राखाडी लगदा असणं नेहमीचं आहे, चमकणारे तुकडे असणं मात्र नाही. इंपेलर बाहेर आला की हातात घ्या, पात्या वाकवून बघा. नवा इंपेलर आठवड्याभरात करपलेला आणि टोकं झिजलेला दिसला तर तो कोरडा फिरलाय.

इंजिन तापलं होतं असा संशय असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजायला सांगा. सगळ्या सिलेंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत, एखादा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आत इजा झालीय. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांत कॉम्प्युटर असतो आणि त्यात किती तास चाललं, कोणता अलार्म वाजला, याची नोंद राहते. ती नोंद पुसण्याआधी तिचा प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो घ्या. ही नोंद कधी तुमच्या बाजूने बोलते, कधी विरुद्ध. अलार्म वाजल्यावरही इंजिन बराच वेळ चाललं असेल तर तेही त्यात दिसेल.

माझ्या त्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला आणि पाण्याची नळी बुशाला घासून वाकलेली सगळ्यांना दिसली. दादा काही बोलले नाहीत. नळी हातात फिरवून बघितली, मुलाला नवीन आणायला पाठवलं आणि मला म्हणाले, "हेड पण खोलून बघूया, तुमच्या मनात शंका नको." हेड गॅस्केट शाबूत होतं. इंजिन वेळेत बंद केल्याचा तो फायदा.

निघताना एका कागदावर काय सापडलं ते चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. बदललेले जुने भाग मागून घरी आणा.

खर्चावरून अडलं तर

मागणी मोजकी ठेवा: दुरुस्तीचा खर्च, लागलेले भाग, होडी ओढून आणल्याचे पैसे आणि बुडालेल्या फेऱ्या, ज्यांचं बुकिंग तुम्ही दाखवू शकता. दहा वर्षांच्या इंजिनाच्या बदल्यात नवं इंजिन मागितलंत तर खरी मागणीही हलकी होते.

वर्कशॉपने बिल चुकतं केल्याशिवाय इंजिन सोडायला नकार दिला तर बाचाबाची करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे काम केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क असतो. हंगाम चालू असेल तर पैसे भरा, पण बिलावर "हरकत राखून रक्कम भरली" असं लिहा आणि त्याचा फोटो घ्या. इंजिन त्यांच्या ताब्यात असताना पडलं, स्केग (पंख्याखालचं पातं) तुटला, कव्हर फुटलं, तर त्याच कायद्याचं कलम १५१ तुमच्या बाजूने आहे: आपल्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावीच लागते. म्हणून इंजिन देतानाच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवायचे.

बोलून सुटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा वर्कशॉपला तिथून निरोप गेला की बोलणी पुन्हा सुरू होतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. "होडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही" असा आक्षेप हमखास येतो. त्याला घाबरू नका. स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी वापरलेल्या सेवेला कायदा व्यापारी हेतू मानत नाही. स्वतःच्या एका होडीवर घर चालवणारा माणूस यात बसतो. पाच होड्या नोकरांकडून चालवणाऱ्याने मात्र वकिलाला विचारून पुढे जावं.

दुरुस्त होऊन आल्यावर

पहिली फेरी मेकॅनिकला होडीत बसवून करा, प्रवासी नकोत. आधी धक्क्याला बांधलेलं असताना दहा मिनिटं हळू चालवा. धार सरळ आणि सलग पडायला हवी. धारेत हाताचं बोट धरून बघा, कोमट पाणी चालेल, चटका नको. तीन-चारदा फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स करा. मग खाडीच्या आतल्या बाजूला अर्ध्या थ्रॉटलवर पंधरा मिनिटं आणि शेवटी थोडा वेळ पूर्ण. परत आल्यावर ट्रान्समचे, म्हणजे इंजिन लावलेल्या होडीच्या मागच्या फळीचे, बोल्ट आवळा, कव्हर काढून पाइपांच्या क्लिपांवर हात फिरवा, कुठे ओल लागतेय का बघा.

आणि पाचेक तास चालल्यावर, एका सकाळी होडी वर असताना, खाली पांढरं भांडं धरून गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि दोन थेंब पडू द्या. रात्रभर उभं राहिलेल्या इंजिनात पाणी तळाला बसलेलं असतं, म्हणून सकाळच. मेकॅनिकला आधी सांगून, त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊनच हे करा. थेंब मधासारखे नितळ पडले, की स्क्रू पुन्हा आवळा आणि प्रवासी घ्यायला लागा.